१/३५ मध्ये देवळालीचा २५ पाउंडर: तिघा निवृत्त तोपचींच्या आठवणी जुळत नाहीत, काय धरायचं?

पस्तिसाव्वा_हिस्सा (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

टामियाचा १/३५ प्रमाणातला (खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाएवढा) मॉडेल संच हाताशी आहे: २५ पाउंडर तोफ आणि ती ओढणारा क्वाड ट्रॅक्टर. देवळालीच्या स्कूल ऑफ आर्टिलरीतला फायरिंगचा देखावा करायचा आहे. काळ १९६६ ते १९७२, बेस ३० बाय ३० सेंमी. काम एका तोफखाना मेळाव्यात टेबलावर ठेवायचं आहे, म्हणजे बघणारे सगळे स्वतः तोफ चालवलेले. तिथे "ब्रिटिश वाळवंटातला संच हिरवा रंगवलाय" असं कुणी म्हणायला नको.

तिघा निवृत्त तोपचींकडून टिपणं घेतली आहेत. एक म्हणतात तोफ काळपट हिरवी, दुसरे ठामपणे खाकी. एकांच्या मते चाकांखाली गोल लोखंडी प्लॅटफॉर्म असायचाच, तिसरे म्हणतात असलं काही बघितलंच नाही. लाल, पांढऱ्या आणि निळ्या पिशव्यांचा उल्लेख मात्र दोघांनी आपणहून केला. शिवाय चार तोफा, एमिंग पोस्ट (नेम धरायला रोवायचे दांडे), नेट (लपवायची जाळी), तंबू, सगळं दिसायला हवं अशी फर्माईश आहे.

प्रश्न असे. रंग कोणता धरू? प्लॅटफॉर्म लावू की नको? सहा माणसं नेमकी कुठे उभी करू? आणि क्वाड ठेवू का?

---

जुनाअल्बम

आधी आठवणींबद्दल, कारण बाकीचं त्यावर उभं राहणार आहे.

हाताने हजारदा केलेलं काम माणूस विसरत नाही. कोण कुठे उभं राहायचं, आधी काय उचलायचं, कुठला लिव्हर कुठल्या हाताला, हे ऐंशीच्या घरातले तोपचीही झोपेत सांगतील. रंगाची छटा, नंबर प्लेट, महिना-साल हे मात्र फोटोशी ताडल्याशिवाय घेऊ नका. म्हणून "तोफेचा रंग कसा होता?" असं विचारूच नका. "तुम्ही किती नंबर होतात? तोफ आली की तुम्ही आधी काय करायचात?" असं विचारा. नंबर तीन म्हणाले तर डाव्या बाजूचं सगळं त्यांच्याकडून घ्या. उजव्या बाजूचं त्यांना खात्रीने माहीत असेलच असं नाही, मध्ये शील्ड (पुढची पोलादी ढाल) आणि ब्रीच (नळीचं मागचं दार) येतात.

दुसरं म्हणजे कुठली तोफ ते आधी पक्कं करा. ज्यांनी प्लॅटफॉर्म बघितलाच नाही ते बहुधा मीडियम (जास्त जड तोफांच्या) रेजिमेंटचे असणार. ५.५ इंची तोफेचा ट्रेल (मागचा दांडा) दोन पायांत फाकतो, तिला गोल प्लॅटफॉर्म नसतोच. उलट नोकरीच्या शेवटी ज्यांच्या हाती १०५ मिमी इंडियन फील्ड गन आली, त्यांच्या बोलण्यात दोन तोफा एकमेकींत मिसळतात. १०५ ची बॅरल बरीच लांब. बोलताना तीन रंगांच्या पिशव्या आल्या की समजा २५ पाउंडरच. तुमच्या दोघांचं म्हणणं त्यामुळे जास्त वजनाचं.

खाकी-हिरव्याचं भांडण सोपं आहे. त्या काळातले रंगीत फोटो कपाटात पडून पडून तांबूस होतात, कारण त्यातला निळसर थर आधी उडतो. हिरवी तोफ त्यात तपकिरी दिसते, आणि वर्षानुवर्षं तोच फोटो बघितला की आठवणही तपकिरी होते. फोटोतल्या माणसाचा पांढरा बनियन बघा. तो गुलाबीसर दिसत असेल तर तोफेच्या रंगावर विश्वास ठेवू नका. स्कॅन करून आधी बनियन पांढरा होईपर्यंत रंग सुधारा, मग तोफेकडे या. काळ्या-पांढऱ्या फोटोतून छटा काढायच्या फंदात पडू नका, त्यातून फक्त किती फिकट आणि किती गडद एवढंच कळतं.

आणखी एक. संदर्भासाठी छावणीत कॅमेरा घेऊन फिरू नका, बहुल्याच्या फायरिंग रेंजकडे तर अजिबातच नाही. रेंजवर सापडलेली कुठलीही धातूची वस्तू उचलायची नाही, भंगारवाल्याकडून आलेला "रिकामा" गोळाही घरात आणायचा नाही.

---

नंबर_तीन_लेअर

ड्रिल सांगतो, त्याप्रमाणे माणसं लावा.

डिटॅचमेंट (एका तोफेची तुकडी) सहा जणांची. नंबर एक हवालदार, ट्रेलच्या मागच्या टोकाजवळ. तोफ फिरवायची तर तोच ट्रेल उचलून फिरवतो. नंबर दोन ब्रीचच्या उजवीकडे, ब्रीचचा लिव्हर त्याच बाजूला आहे, आणि गोळा आत ठासायचं कामही त्याचंच. नंबर तीन म्हणजे लेअर, नेम धरणारा, डावीकडे सीटवर, डोळा डायल साइटला (नेमाच्या दुर्बिणीला). फायरिंगचा लिव्हरही त्याच्याकडे. नंबर चार भरणारा, ब्रीचच्या मागे डावीकडे. पाच आणि सहा लिंबरपाशी (दारूगोळ्याच्या गाडीपाशी), दारूगोळा तयार करायला आणि पुढे द्यायला. लिंबर तोफेच्या डाव्या अंगाला, दारं मागच्या बाजूला उघडी. मॉडेल करणारे लिंबर उजवीकडे नाहीतर थेट ट्रेलच्या मागे ठेवतात. उजवीकडे ठेवला तर दारूगोळा देणाऱ्याला ट्रेल ओलांडावा लागेल.

लिंबरात ३२ राउंड, एका ट्रेमध्ये दोन. म्हणजे १६ ट्रे. एखाद-दुसरा ट्रे बाहेर काढून ठेवलात तर आतली तितकी जागा रिकामी दाखवा. मेळाव्यात हे मोजणारे निघतील.

या तोफेत गोळा आणि काडतूस वेगवेगळं भरतात. आधी गोळा, तो ठासायचा, मग पितळी केस, मग ब्रीच बंद. त्यामुळे नंबर चारच्या हातात टोकापासून बुडापर्यंत अख्खा राउंड दिला की देखावा तिथेच फसला. सगळ्यात चांगला क्षण म्हणजे नंबर दोन ठासतोय, चारच्या हातात केस तयार आहे आणि तीन साइटमधून बघतोय. तिघांची कामं एका नजरेत कळतात.

आता पिशव्या. केसच्या आत दारूच्या तीन कापडी पिशव्या: लाल, पांढरी, निळी. चार्ज एक म्हणजे फक्त लाल, दोन म्हणजे लाल आणि पांढरी, तीन म्हणजे तिन्ही. हुकूम येईल त्याप्रमाणे नको असलेल्या पिशव्या काढून बाजूला टाकतात. म्हणजे चार्ज एक चालू असेल तर लिंबरपाशी पांढऱ्या आणि निळ्या पडलेल्या दिसतील, चार्ज दोन असेल तर फक्त निळ्या, आणि तीन असेल तर एकही नाही. लाल पिशवी बाहेर कधीच नाही. तिन्ही रंग दिसायला छान म्हणून तीनही विखुरल्या तर तोपची हसतील. सुपर चार्जचं (सगळ्यात जोरदार दारूचं) काडतूस वेगळंच येतं, त्याच्या भानगडीत पडू नका.

चार्ज दोन घ्या. निळ्या पिशव्यांचा छोटा ढीग हिरव्या-तपकिरी देखाव्यात बरोबर उठून दिसतो. ढीग तोफेच्या मागे चालायच्या वाटेत नको, लिंबरच्या पलीकडे एका बाजूला. जेवढे राउंड झालेत तेवढ्याच निळ्या पिशव्या आणि तेवढ्याच रिकाम्या केस असायला हव्यात. पाच केस पडल्यात आणि पिशव्या वीस, असं करू नका.

प्लॅटफॉर्म लावा. वाहून नेताना तो ट्रेलखाली अडकवलेला असतो, पोझिशनवर खाली टाकून तोफ त्यावर ओढतात. दोन्ही चाकं गोलाच्या कडेवर बसतात, मग एकटा माणूसही ट्रेल धरून तोफ चौफेर फिरवू शकतो. प्लॅटफॉर्मशिवाय चाकं सरळ जमिनीवर ठेवून फक्त जागच्या जागी डावी-उजवीकडे चार-चार अंश मिळतात. चूक होते ती अशी की प्लॅटफॉर्म लावतात, पण ट्रेलखालचा त्याचा रिकामा हूक आणि साखळ्या तशाच बांधलेल्या दाखवतात, किंवा एक प्लॅटफॉर्म खाली आणि दुसरा ट्रेलखाली. एका तोफेला एकच.

---

पस्तिसाव्वा_हिस्सा

काका, पिशव्यांचं कुठल्याच सूचनापत्रकात नाही, फार उपयोगी पडलं. चार तोफा आणि एमिंग पोस्टचं काय करायचं? आणि बेससाठी खरा मुरूम वापरावा की बाजारातली टेक्श्चर पेस्ट?

---

मुरूमचाळणी

चार तोफा विसरा. गणित करा: ३० सेंमी गुणिले ३५ म्हणजे साडेदहा मीटर. तोफच ४.६ मीटर लांब, म्हणजे १३ सेंमी तिने खाल्ले. लिंबर, माणसं आणि केसचा ढीग धरून बेस भरला. शेजारची तोफ ३० मीटरवर धरली तरी ती ८६ सेंमी दूर येईल. एमिंग पोस्ट ५० मीटरवर धरलात तर सव्वा-दीड मीटर लांब, जेवणाच्या टेबलाबाहेर. ज्यांना पोस्ट हवेत त्यांच्यासाठी लाल-पांढऱ्या पट्ट्यांचे दोन पोस्ट अजून न रोवलेले, ट्रेलपाशी आडवे ठेवा. तंबूही नको. तोफेच्या मागे पाच मीटरवर १८० पाउंडर तंबू ठोकलेली गन पोझिशन कुणी बघितलेली नसेल.

मुरूम खराच घ्या, फुकट आहे आणि रंग आपोआप बरोबर येतो. नाशिककडचा तांबूस-तपकिरी मुरूम उन्हात वाळवा, मग तव्यावर १५-२० मिनिटं कोरडा भाजा. भाजला नाही तर पावसाळ्यात बेसला बुरशी धरते, आणि किडेही निघतात. मग दोन चाळण्या: आधी पिठाची, मग चहाची गाळणी. पिठाच्या चाळणीवर राहिलेले खडे मोठे दगड म्हणून थोडेच वापरा. चहाच्या गाळणीतून पडलेली भुकटी म्हणजे तुमची धूळ, ती डबीत वेगळी ठेवा, शेवटी लागेल. गाळणीवर राहिलं ते जमिनीसाठी. १/३५ मध्ये १ मिमीचा खडा म्हणजे साडेतीन सेंमीचा दगड, हे डोक्यात ठेवलं की हात आपोआप आवरतो.

बेस १२ मिमी एमडीएफचा घ्या आणि सहाही बाजूंनी वॉर्निश किंवा प्रायमरचे दोन हात द्या. वरून पाणी-फेविकॉल ओतल्यावर न बंद केलेली बाजू पाणी पिते आणि फळी वाकते. उंचवट्यासाठी थर्माकोल चालेल, पण त्यावर सिंथेटिक रबरवाला गोंद किंवा स्प्रे पेंट मारू नका, थर्माकोल विरघळून खड्डा पडतो. फक्त पांढरा फेविकॉल.

मुरूम पसरून झाला की पाण्याचे बारीक तुषार फवारा, पाण्यात भांडी घासायच्या द्रवाचे दोन थेंब. मग एक भाग फेविकॉल आणि तीन भाग पाणी ड्रॉपरने कडेकडेने सोडा. आधी ओलं केलं नाहीत तर गोंदाचे गोळे होऊन मुरूम तरंगतो आणि खळगे पडतात. दोन दिवस हात लावू नका. गोंद वाळल्यावर मुरूम एक छटा गडद दिसतो, ते तसंच होणार. वर डबीतली भुकटी कोरडी भुरभुरली की मूळ रंग परत येतो.

मोसम ठरवा. फायरिंगला कोरडा काळ घेतलात तर गवत सोनेरी-करडं, फार तर एक-दोन हिरवी झुडपं. तागाचा दोर कापून गवत करा, बाजारातलं चकचकीत हिरवं पावसाळी गवत नको. प्लॅटफॉर्मभोवती गवत तुडवलेलं, ट्रेलच्या टोकाने कमानीसारखी उकरलेली माती. ट्रेल फिरतो तो वर्तुळाच्या भागावर, सरळ रेषेत नाही.

नेटसाठी दवाखान्यातली गॉझ पट्टी. तिची भोकं एक-दीड मिमीची, म्हणजे प्रत्यक्षात चार-पाच सेंमी, बरोबर बसतं. मच्छरदाणी जाड धाग्याची असते, मोठ्या स्केललाही ती दोरखंडासारखी दिसते. गॉझ आधी चहाच्या पाण्यात बुडवा, वाळल्यावर हिरवा वॉश (पातळ रंगाचा हात). गोळाफेक चालू असेल तर मात्र नेट तोफेवर ताणून बांधू नका, नाहीतर नळीसमोरच जाळी येईल. मागे लिंबरवर अर्धवट ओढून घेतलेली पुरे.

रंगाबद्दल वरचं पटतं, आणि त्यात एक भर. तोफ हिरवीच, पण मुरमाच्या धुळीने चाकं, प्लॅटफॉर्म आणि ट्रेलचा खालचा भाग खाकीच दिसतो. दोन्ही काका बरोबर आहेत, एक वरचं सांगतायत, दुसरे खालचं. टामियाच्या एक्सएफ-६२ ऑलिव्ह ड्रॅबचे तीन भाग, एक्सएफ-५ फ्लॅट ग्रीनचा एक, आणि शेवटी एक्सएफ-५७ बफचे दहा-बारा थेंब. बफ नसेल तर छोट्या मॉडेलवर हिरवा काळवंडतो. ही झाली आधाराची छटा. आधी प्लास्टिकच्या चमच्यावर मारून उन्हात बघा, ट्यूबलाइटखाली ठरवू नका. वॉशला काळा नको, तपकिरी. मग डबीतली धूळ मऊ ब्रशने घासून खालच्या तिसऱ्या हिश्श्यात, वर जाताना कमी. शील्डचा वरचा अर्धा जवळजवळ स्वच्छ राहिला पाहिजे, कारण रोज सकाळी तोफ पुसली जायची. प्रशिक्षण केंद्रातली तोफ आघाडीवरच्या तोफेसारखी चिखलाने माखवणं हीच नेहमीची अतिशयोक्ती. ब्रीच आणि लिव्हर तर तेलाने चकचकीत, तिथे मॅट वार्निश मारू नका.

---

पाव_मिमी

किटच्या बाजूने चार गोष्टी, थोडक्यात.

शील्ड. प्लास्टिकची जाडी साचाला लागते तेवढी असते, पण ती ३५ पटींनी मोजा. १ मिमी म्हणजे साडेतीन सेंमीचं पोलाद, रणगाड्याचं चिलखत. ०.२५ मिमी प्लास्टिक शीटमधून नवी कापा, किंवा तेवढा धीर नसेल तर मागून कडा ४५ अंशात घासा. समोरून बघणाऱ्याला कडाच दिसते.

नळी. २५ पाउंडरचा कॅलिबर ८७.६ मिमी, स्केलला अडीच मिमी. आधी सुईने मध्य टोचा, मग १ मिमी, १.५, २, आणि शेवटी २.५ असं चढत्या क्रमाने पिन व्हाइसने (हाताने फिरवायच्या छोट्या ड्रिलने). थेट अडीचचा बिट लावलात तर तो सरकतो आणि तोंड एकीकडे पातळ होतं. मझल ब्रेक (नळीच्या तोंडावरचा, मागचा धक्का कमी करणारा भाग) असलेल्या आणि नसलेल्या दोन्ही तऱ्हा होत्या. ब्रेक गोळा-दारूच्या जादा जोरासाठी नंतर आला. तुमच्या काकांच्या फोटोत जे असेल ते करा.

काडतुसं. केस ८८ बाय २९२ मिमीची, म्हणजे स्केलला साडेआठ मिमीला जरा कमी. अडीच मिमी बाहेरच्या व्यासाची पितळी नळी दागिन्यांचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळते. आतून पोकळच ठेवा, रिकामी केस म्हणून थेट चालते. बुडाच्या कडेसाठी पातळ तांब्याच्या तारेचं एक वळण, सायनोअॅक्रिलेटचा (झटपट चिकटणाऱ्या गोंदाचा) एक बिंदू, आणि फाइलने सपाट. रंगवू नका. झालेल्या केसच्या तोंडाशी फक्त पातळ काजळी, बुडाशी नाही. पिशव्या एपॉक्सी पुटीच्या, तांदळाच्या कणीएवढ्या, सुईने मध्ये हलका दाब द्या म्हणजे कापडासारख्या बसतात.

माणसं हे खरं काम. संचातले तोपची ब्रिटिश, त्यांचे पोशाख तुमच्या काळाला चालणार नाहीत. अर्ध्या विजारी असतील तर गुडघ्याखाली घोट्यापर्यंत पुटीने भरून पायजम्यासारख्या सरळ पॅंट करा, खाली कापडी पट्ट्या किंवा अँकलेट. शर्टाच्या बाह्या कोपरावर गुंडाळलेल्या. डोकी पर्यायी घ्या, बेरे असलेली. तोफखान्याचा बेरे गडद निळा, आणि टोपी-चिन्ह बारकाव्याने रंगवत बसू नका, १/३५ ला सोनेरी एक ठिपका पुरे. शीख जवान दाखवायचा असेल तर पगडी ०.५ मिमी जाडीच्या पुटीच्या पट्ट्या एकावर एक गुंडाळून, अर्धवट सुकल्यावर ब्लेडने घड्या. एम-सील वापरत असाल तर त्याला टॅल्कम पावडर लावून मळा, नाहीतर बोटाला चिकटून घडी ओढली जाते. अर्ध्या तासाच्या आत आकार द्यायचा. जास्त वेळ लागणार असेल तर संथ सुकणारी पुटी घ्या. सगळ्यांची कातडी एकाच बाटलीतली नको, सहाजणांना तीन वेगळ्या छटा करा.

क्वाड ठेवू नका. तुमच्या बेसवर जागाही नाही, आणि गन पोझिशनवर ट्रॅक्टर तोफेपाशी थांबतही नाही, तो मागे आडोशाला जातो. तो संच वेगळ्या कामाला वाचवा. मेळाव्यात वाहन हवंच असा हट्ट झाला तर शक्तिमान तीन-टनी काळाला बसेल, ते जबलपूरला १९५९ पासून बनत होते, पण त्याच्यासाठी वेगळा बेस करा.

---

नंबर_तीन_लेअर

वरच्या पाव_मिमीचं बरोबर. एकच भर: डाव्या बाजूला साइटपाशी शंकूसारखा रेंजचा ड्रम असतो, त्यावर बारीक आकड्यांच्या रेघा. किटमध्ये तो गुळगुळीत गोळा असेल तर पांढरट पार्श्वभूमीवर ०.१ च्या पेनने आडव्या बारीक रेघा काढा, आकडे लिहायच्या भानगडीत पडू नका. लेअरची नजर साइटमध्येच ठेवा, कॅमेऱ्याकडे किंवा समोर नाही. आणि नंबर दोनचा हात ठासणीवर असेल तर नंबर तीनचा हात फायरिंगच्या लिव्हरवर ठेवू नका. ब्रीच बंद झाल्यावरच तो लिव्हरवर जातो. हात मांडीवर किंवा उंची फिरवायच्या चाकावर ठेवा.

---

पस्तिसाव्वा_हिस्सा

ठरलं. चार्ज दोन, निळ्या पिशव्या, क्वाड बाद, एमिंग पोस्ट आडवे. माणसं चिकटवण्याआधी ब्लू टॅकवर (काढता येणाऱ्या चिकट पुटीवर) उभी करून काकांना व्हिडिओ कॉलवर दाखवणार, मगच सायनो. चाळणी आणि तवा घरच्यांकडून परत मिळेल का, एवढाच प्रश्न उरतो.

---

मुरूमचाळणी

तवा जुना घ्या, घरातला नको. आणि ब्लू टॅक प्लॅटफॉर्मवर जास्त दिवस ठेवू नका, तेलाचा डाग राहतो आणि नंतर मुरमाची भुकटी तिथेच जास्त चिकटते.